मँचेस्टरचा टॅकल: मेनेलिक वॉटसनची पाच वर्षं कशी मोजायची?

२०१३ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगची वार्षिक खेळाडू-निवड झाली. दुसऱ्या फेरीत, एकूण ४२ व्या क्रमांकावर, ओकलंड रेडर्स संघाने मेनेलिक वॉटसनला घेतलं. वॉटसन मूळचा मँचेस्टरचा, शहराच्या दक्षिणेकडच्या लाँगसाइट भागात वाढलेला. २०११ पर्यंत त्याने हा खेळ कधी स्पर्धेत खेळलाही नव्हता. पुढे तो लीगमध्ये पाच हंगाम टिकला, चार ओकलंडकडे आणि एक डेन्व्हर ब्राँकोजकडे. २०१८ च्या उन्हाळ्यात डेन्व्हरने त्याला मोकळं केलं तेव्हा तो २९ वर्षांचा होता. त्यानंतर एनएफएलच्या सामन्यात तो उतरला नाही.

या कारकिर्दीबद्दल दोन गोष्टी सांगितल्या जातात. इंग्लंडमध्ये सांगतात ती जिद्दीची: बदनाम वस्तीतला मुलगा जगातल्या सर्वांत श्रीमंत लीगपर्यंत पोचला. अमेरिकेतल्या चाहत्यांच्या हिशेबात ती फसलेल्या निवडीची: दुसऱ्या फेरीतली मोलाची संधी खर्चून आणलेला खेळाडू सतत जायबंदी राहिला. दोन्ही गोष्टींतले तपशील खरे आहेत आणि दोन्ही उथळ आहेत. दोन्हींमध्ये सगळं काही एकट्या माणसाच्या खात्यावर मांडलं जातं. चढला तो त्याच्या जिद्दीने आणि पडला तो त्याच्या शरीराने. हे खातं कोणी आखलं, नियम कोणी लिहिले, दुखापतीचा खर्च कोणाच्या नावावर पडला, हे कोणी विचारत नाही.

या लेखाचं म्हणणं असं की व्यावसायिक खेळाडू हा आधी कामगार असतो. त्याची कारकीर्द कामगाराच्या कारकिर्दीसारखीच तपासावी लागते: कौशल्य कुठून आलं, कामाचं मोजमाप कसं झालं, करारात काय लिहिलं होतं आणि त्या कराराच्या पाठीशी कोणाची ताकद होती. वॉटसनच्या बाबतीत हे तपासायला मँचेस्टरइतकी योग्य जागा नाही. खेळाडू हा कामगार असतो हे या शहराने शंभर वर्षांपूर्वीच भांडून मांडलं होतं.

पहिली पायरी: कौशल्य आभाळातून पडलेलं नव्हतं

जिद्दीच्या गोष्टीला मधली पानं नको असतात. तिला लाँगसाइट हवं, ओकलंड हवं आणि दोन्हींमध्ये एक उडी हवी. प्रत्यक्षात ही उडी नव्हती, पायऱ्या होत्या. प्रत्येक पायरी कोणीतरी आधी बांधून ठेवलेली होती.

वॉटसन लहानपणी साधा फुटबॉल खेळायचा. पायाच्या दुखापतीने तो सुटला आणि उंची वाढत गेलेला मुलगा बास्केटबॉलकडे वळला. दक्षिण मँचेस्टरमध्ये बास्केटबॉलची स्वतःची परंपरा आहे. शेजारच्या स्टॉकपोर्टमध्ये वाढलेला जॉन अमेची अमेरिकेच्या एनबीएत खेळून आला आणि त्याच्या नावाचं बास्केटबॉल केंद्र व्हॅली रेंजमध्ये उभं राहिलं. नव्वदच्या दशकात मॉस साइड, लाँगसाइट ही नावं राष्ट्रीय वृत्तपत्रांत टोळ्यांच्या गोळीबारामुळे यायची, त्याच भागांत संध्याकाळी हॉलचे दिवे लावून मुलांना शिकवणारी माणसंही होती. पुढची पायरी होती कॅनरी बेटांवरची बास्केटबॉल अकादमी. युरोपातल्या उंच मुलांना अमेरिकी कॉलेजांच्या नजरेत आणणं हेच तिचं काम. तिथून न्यूयॉर्क राज्यातलं मॅरिस्ट कॉलेज.

बास्केटबॉलमध्ये पुढे वाट नाही हे मॅरिस्टमध्ये दिसू लागलं. तेव्हा तो कॅलिफोर्नियातल्या सॅडलबॅक कॉलेजमध्ये गेला आणि २०११ मध्ये पहिल्यांदा अमेरिकन फुटबॉलचं हेल्मेट चढवलं. सॅडलबॅक हे दोन वर्षांचं सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज. कमी फीचं, दार सगळ्यांना उघडं. विसाव्या-बाविसाव्या वर्षी नवा खेळ शिकायला येणाऱ्या माणसाला दारातूनच परत पाठवणार नाही अशी ती जागा होती, हे महत्त्वाचं. तिथल्या एका हंगामानंतर फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाने त्याला घेतलं. २०१२ च्या हंगामात तो तिथे राइट टॅकल म्हणून खेळला, संघाने आपल्या गटाचं विजेतेपद मिळवलं आणि हंगामाअखेरचा ऑरेंज बोल हा मोठा सामनाही जिंकला. त्या एकाच संघातून ११ खेळाडू एनएफएलच्या निवडीत गेले.

टॅकल नेमकं काय करतो

इथे थोडं थांबायला हवं, कारण वॉटसनचं काम टीव्हीवर जवळजवळ दिसतच नाही. कॅमेरा चेंडूबरोबर जातो आणि टॅकलला चेंडूला हात लावायचा नसतो. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकपुढे पाच धिप्पाड माणसांची भिंत असते, तिच्या टोकाला उभा असतो तो टॅकल. चेंडू मागे आला की समोरचा सव्वाशे किलोचा, धावपटूसारखा चपळ माणूस बाहेरून वळसा घालून क्वार्टरबॅकवर झेपावतो. टॅकलकडे फार तर तीन सेकंद असतात. त्याने मागे सरकायचं, पण पळायचं नाही. बाहेरचा पाय मागे टाकायचा, आतला घसटत आणायचा आणि दोन्ही पायांची कैची होऊ द्यायची नाही. कंबर अवेळी बाहेर वळली की आतली वाट उघडते. हात छातीवर आपटायचे, पण जर्सी मुठीत धरायची नाही. धरली तर संघाला दहा यार्डांचा दंड.

सहा फूट पाच इंच उंच आणि एकशेचाळीस किलोंच्या आसपास वजन असलेल्या माणसाने हे सामन्यात साठ-सत्तर वेळा करायचं असतं. बास्केटबॉलमध्ये चेंडूवाल्याच्या समोर राहून आडवं सरकण्याचा जो बचाव शिकवतात, त्याच्याशी या पदलालित्याचं जवळचं नातं आहे. फ्लोरिडा स्टेटमध्ये आक्रमक फळीचे प्रशिक्षक रिक ट्रिकेट यांना वॉटसनमध्ये दिसलं ते हेच. अमेरिकेत टोनी गोन्झालेझ आणि अँटोनिओ गेट्स हे बास्केटबॉलपटू याच वाटेने फुटबॉलचे मोठे खेळाडू झाले होते. म्हणजे वॉटसनचे पाय दक्षिण मँचेस्टरच्या हॉलमध्ये आणि कॅनरी बेटांवर तयार झाले, फुटबॉलने त्यांना नवं काम दिलं. मेहनत त्याचीच होती. पण मेहनत करायला जागा, शिक्षक आणि दुसरी संधी लागते. त्या कोणी पुरवल्या हे गाळून केलेलं कौतुक त्या मुलाच्या काय किंवा त्याच्यामागून येणाऱ्या मुलांच्या काय, उपयोगाचं नाही.

दुसरी पायरी: मोजपट्टी कोणाची

आता ‘फसलेली निवड’ हा शिक्का. वॉटसनला २०१३ च्या पहिल्याच हंगामात दुखापतींनी गाठलं. २०१४ मध्ये तो डझनभर सामने खेळला. २०१५ च्या ऑगस्टमध्ये, हंगाम सुरू होण्याआधीच, टाचेमागची अकिलिस शीर तुटली आणि अख्खं वर्ष गेलं. २०१६ मध्ये तो परतला. त्या वर्षी रेडर्सनी १६ पैकी १२ सामने जिंकले आणि २००२ नंतर पहिल्यांदा बाद फेरी गाठली. ओकलंडच्या चार वर्षांत मिळून त्याच्या वाट्याला तीसहून कमी सामने आले. डेन्व्हरमध्ये २०१७ चा हंगाम त्याने सुरुवातीच्या संघात राहून सुरू केला, सात सामने खेळला आणि पायाच्या दुखापतीने बाहेर गेला.

अकिलिस शीर म्हणजे टॅकलच्या कामाचं मूळच. मागे सरकताना, मग अचानक पुढे रेटताना सगळा भार तिच्यावर येतो. बाविसाव्या वर्षी खेळ शिकायला लागलेल्या माणसाकडे लहानपणापासूनची सवय नव्हती. त्याची भिस्त पायांवरच होती आणि नेमकी तीच जागा तुटली. ज्या हंगामांत तंत्र मुरायचं, त्यांतला मोठा वाटा उपचारांच्या टेबलावर गेला.

याला अपयश म्हणण्याआधी त्याच वर्षीच्या निवडीतली इतर परदेशी नावं पाहावीत, कारण असा नमुना सहसा सापडत नाही. २०१३ मध्ये पहिल्या ५३ नावांत परदेशात जन्मलेले आणि खेळ उशिरा शिकलेले चौघे होते. घानाचा एझेकिएल अन्सा पाचवा, बर्लिनचा ब्योर्न वेर्नर चोविसावा, वॉटसन बेचाळिसावा आणि एस्टोनियाचा थाळीफेकपटू मार्गस हंट त्रेपन्नावा. वेर्नर तर फ्लोरिडा स्टेटमध्ये वॉटसनचा सहकारी. त्याची निवड पहिल्या फेरीत झाली आणि गुडघ्यांनी दगा दिल्यावर २०१७ च्या सुरुवातीला, वयाची सत्तावीस वर्षंही पुरी होण्याआधी, त्याने निवृत्ती घेतली. अन्साने २०१५ च्या हंगामात लीग गाजवली, मग त्याचाही खांदा बिघडत गेला. सर्वांत शेवटी निवडलेला हंट दुय्यम भूमिकेत राहून या सगळ्यांत जास्त वर्षं टिकला. निवडीचा क्रम आणि टिकण्याचा क्रम यांचा मेळ बसत नाही. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोने लंडन ऑलिंपिकचा ब्रिटिश थाळीफेकपटू लॉरेन्स ओकोये याला करारबद्ध केलं. त्याला लीगचा एकही अधिकृत सामना मिळाला नाही. तो थाळीकडे परतला आणि २०२२ मध्ये युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत कांस्यपदक घेऊन आला.

आता सरासरी पाहू. एनएफएल खेळाडूंची संघटना सरासरी कारकीर्द ३.३ वर्षांची असल्याचं सांगत आली आहे. लीगचं म्हणणं असं की पहिल्या वर्षी पक्क्या संघात आलेल्यांची सरासरी साधारण सहा वर्षं भरते. दोन आकड्यांतला फरक कोणाला मोजायचं यावरून पडतो: उंबरठ्यावरून परत गेलेल्यांना धरायचं की वगळायचं. कुठलाही आकडा घेतला तरी पाच हंगाम ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. दुसऱ्या फेरीतल्या खेळाडूकडून दहा वर्षांची अपेक्षा धरायची आणि ती न भरल्यास त्याला नापास करायचं, ही संघमालकाची मोजपट्टी आहे. त्याने गुंतवणूक केलेली असते, म्हणून तो तसं मोजतो. वाचकाने आणि पत्रकाराने तीच पट्टी हातात का घ्यावी?

तिसरी पायरी: तीन वर्षांचा कागद

या कारकिर्दीतला सर्वांत बोलका पुरावा मैदानावर नाही, करारात आहे. २०१७ च्या मार्चमध्ये डेन्व्हरने वॉटसनशी तीन वर्षांचा करार केला. आकडा जाहीर झाला साधारण १ कोटी ८४ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने शंभर कोटी रुपयांहून जास्त. मथळे याच आकड्याचे झाले. हमी मात्र त्यातल्या एक तृतीयांशाहून कमी रकमेची होती. एक हंगाम झाला, पायाची दुखापत झाली आणि दुसरा हंगाम सुरू होण्याआधीच करार संपवला गेला. उरलेली दोन वर्षं कागदावरच राहिली.

डेन्व्हरने यात नियमाबाहेर काही केलं नाही, हेच तर समजून घ्यायचं. एनएफएलमध्ये कराराची वर्षं खेळाडूला बांधतात, संघाला तितकी बांधत नाहीत. हमी नसलेला पगार वर्ष सुरू होण्याआधी खेळाडूला काढून वाचवता येतो. जायबंदी खेळाडूला संरक्षण अजिबात नाही असं नाही. तीन हंगाम मान्य झाले की निवृत्तिवेतनाचा हक्क मिळतो आणि लीग सोडल्यावर पाच वर्षं आरोग्यविमा चालतो. पण ज्या खेळात दुखापत ठरलेलीच आहे तिथे पाच वर्षांनंतर काय, हा प्रश्न उरतोच. शरीर पस्तिशीनंतर हिशेब मागायला लागतं.

मँचेस्टरच्या वाचकाला हे विशेष खटकावं. त्याच शहरात सिटी किंवा युनायटेडकडून तीन वर्षांचा करार केलेला फुटबॉलपटू पहिल्या वर्षी गुडघा मोडून बसला, तर क्लबला सहसा पुढची दोन वर्षंही त्याचा पगार द्यावा लागतो. नको असेल तर तडजोडीची रक्कम मोजून करार सोडवावा लागतो. दोन्ही खेळ अब्जावधींचे आणि दोन्हींत शरीर झिजतं, तरी धोका एका ठिकाणी मालकाकडे आणि दुसऱ्या ठिकाणी खेळाडूकडे जातो. हा फरक खेळांच्या स्वभावातून आलेला नाही. तो इतिहासातून आला आहे.

चौथी पायरी: इम्पीरियल हॉटेल, १९०७

१९०७ च्या एप्रिलमध्ये मँचेस्टर युनायटेडच्या राखीव संघाच्या सामन्यात थॉमस ब्लॅकस्टॉक हा खेळाडू चेंडू डोक्याने मारल्यावर कोसळला आणि मरण पावला. मृत्यू नैसर्गिक ठरवला गेला. घरच्यांना भरपाई मिळाली नाही. तेव्हा इंग्लंडमध्ये फुटबॉलपटूचा कमाल पगार आठवड्याला चार पौंड असा बांधलेला होता आणि क्लबच्या संमतीशिवाय त्याला दुसरीकडे जाता येत नव्हतं. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये मँचेस्टरच्या इम्पीरियल हॉटेलात बिली मेरेडिथ आणि चार्ली रॉबर्ट्स यांच्या पुढाकाराने खेळाडूंची संघटना स्थापन झाली. दोघेही तेव्हा युनायटेडचे, आणि मेरेडिथ तर त्या काळातला सर्वांत नावाजलेला खेळाडू.

१९०९ मध्ये फुटबॉल असोसिएशनने फर्मान काढलं: संघटना सोडा, नाहीतर खेळता येणार नाही. बहुतेक क्लबांचे खेळाडू वाकले. युनायटेडचे वाकले नाहीत. क्लबचं मैदान बंद झालं म्हणून ते फॅलोफील्डला सराव करू लागले. तिथे त्यांनी ‘बहिष्कृतांचा फुटबॉल क्लब’ अशा अर्थाची पाटी पुढे ठेवून फोटो काढला. तो आजही उपलब्ध आहे. रांगेत बसलेले खेळाडू आणि मध्यभागी ती पाटी. हंगाम सुरू व्हायच्या तोंडावर अधिकाऱ्यांनी माघार घेतली आणि संघटना वाचली. फॅलोफील्ड लाँगसाइटपासून फार लांब नाही. वॉटसनचं बालपण ज्या भागात गेलं, त्याच भागाचा हा वारसा आहे.

पुढचं सगळं काही लगेच मिळालं नाही. कमाल पगाराची मर्यादा जायला १९६१ उजाडलं. खेळाडूला क्लबशी जखडून ठेवणारी पद्धत मोडायला १९६३ चा जॉर्ज ईस्टहॅम खटला लागला. पण आज इंग्लिश फुटबॉलपटूच्या कराराला जी ताकद आहे, तिच्यामागे ही अर्धशतकाची भांडणं आहेत.

अमेरिकेतही खेळाडू लढले. १९७४, १९८२ आणि १९८७ मध्ये एनएफएल खेळाडूंनी संप केले. १९८७ च्या संपात मालकांनी बदली खेळाडू उतरवून सामने खेळवले, पक्के खेळाडू एकेक करून परतू लागले आणि संप २४ दिवसांत मोडला. न्यायालयीन लढाईनंतर १९९३ मध्ये संघ बदलण्याचं स्वातंत्र्य आलं. त्या बदल्यात संघाच्या एकूण पगारावर कमाल मर्यादा आली. सगळ्यांच्या कराराला पूर्ण हमी मात्र आजतागायत आलेली नाही. वॉटसनच्या कागदावरच्या दोन वर्षांचा इतिहास असा १९८७ पर्यंत मागे जातो.

मुंबईच्या वाचकाला हा ताळेबंद नवा वाटू नये. ब्रिटनच्या ट्रेड युनियन काँग्रेसची पहिली सभा १८६८ मध्ये मँचेस्टरलाच भरली होती. मँचेस्टरच्या गिरण्यांशी स्पर्धा करणाऱ्या मुंबईच्या गिरण्यांमध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांना एकत्र केलं आणि १८९० मध्ये आठवड्याची सुट्टी मिळवली. 

आक्षेप आणि त्यांची उत्तरं

पहिला आक्षेप रोकडा आहे. वॉटसनने पाच वर्षांत जे कमावलं ते लाँगसाइटमधल्या माणसाला जन्मभरात दिसत नाही, मग त्याला कामगार म्हणून गळा काढण्यात काय अर्थ? उत्तर असं की प्रश्न दयेचा नाही, वाटणीचा आहे. एनएफएल दर वर्षी अब्जावधी डॉलर मिळवते. त्यातला धोका कोणी घ्यायचा हा प्रश्न पगार मोठा असला म्हणून मिटत नाही. शिवाय सर्वांत वरच्या पगारावर डोळा ठेवला की बाकीचे दिसेनासे होतात. ५३ जणांच्या संघात किमान पगारावर येणारे आणि दोन-तीन हंगामांत जाणारे पुष्कळ असतात. नियम त्यांनाही तोच लागू होतो.

दुसरा आक्षेप: त्याने हे स्वतः निवडलं, धोका माहीत होता. धोका पूर्ण माहीत होता का, ही शंका रास्त आहे. पिट्सबर्ग संघाचा सेंटर माइक वेब्स्टर, म्हणजे वॉटसनसारखाच भिंतीतला माणूस, २००२ मध्ये पन्नाशीत वारला. त्याच्या मेंदूत डॉ. बेनेट ओमालू यांना डोक्यावरच्या वारंवार आघातांनी होणारा ऱ्हास आढळला. लीग वर्षानुवर्षं हा संबंध नाकारत राहिली. माजी खेळाडूंच्या दाव्यांवर तडजोड मंजूर झाली ती २०१५ मध्ये, म्हणजे वॉटसन लीगमध्ये आल्यानंतर. इंग्लंडमध्येही वेगळं घडलं नाही. ग्लासगोच्या अभ्यासाने २०१९ मध्ये दाखवलं की माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंमध्ये मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी मृत्यू होण्याचं प्रमाण इतरांपेक्षा साडेतीन पट आहे. मँचेस्टरच्या कॉलीहर्स्टमध्ये जन्मलेला, १९६६ चा विश्वविजेता नॉबी स्टाइल्स स्मृतिभ्रंशाने खंगून २०२० मध्ये गेला. त्याआधी, २०१० मध्ये, घरच्यांसाठी तरतूद व्हावी म्हणून त्याने आपली पदकं लिलावात विकली होती. विश्वचषकाचं पदक युनायटेडनेच विकत घेतलं. मजबूत संघटना असलेल्या देशातही हे होतं, याचा अर्थ संघटना निरुपयोगी असा काढायचा नाही. काम अपुरं आहे, एवढाच त्याचा अर्थ.

तिसरा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे. मुलांना स्वप्नं लागतात. लाँगसाइटच्या पोराला करारातली कलमं सांगून काय होणार? त्याला वॉटसन दाखवा. दाखवावाच. पण कॅनरी बेटांपासून सॅडलबॅकपर्यंतचा सगळा रस्ता दाखवावा आणि अकिलिसची शस्त्रक्रियाही दाखवावी. एनएफएलने २०१७ पासून परदेशी खेळाडूंसाठी स्वतंत्र प्रशिक्षण योजना चालवली आहे. तिच्यातून ऑस्ट्रेलियाचा रग्बीपटू जॉर्डन मायलाटा आला, २०१८ मध्ये अगदी शेवटच्या फेरीत निवडला गेला, टॅकल म्हणूनच उभा राहिला आणि फिलाडेल्फियाबरोबर २०२५ चा सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. हे उदाहरण खरं आहे आणि आनंदाचं आहे. त्याच योजनेतून कितीतरी जण एकही सामना न खेळता घरी गेले, हेही खरं आहे. स्वप्न दाखवणाऱ्याने दोन्ही सांगणं हे त्याचं कर्तव्य आहे, आणि पोरं इतकी दुबळी नसतात की खरं ऐकून मागे फिरतील.

महाराष्ट्रात हे का वाचायचं

अमेरिकन फुटबॉल महाराष्ट्रात फारसा रुजला नाही. २०११ मध्ये जाहीर झालेल्या भारतीय लीगमध्ये ‘पुणे मराठाज’ नावाचा संघ होता. ती लीग टिकली नाही. पण प्रश्न त्या खेळाचा नाहीच. आपल्याकडे खेळाडूची सुरक्षितता बराच काळ नोकरीतून आली आहे. ऑलिंपिक पदकविजेते खाशाबा जाधव पोलीस खात्यात होते, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकणारा कोल्हापूर जिल्ह्याचा स्वप्नील कुसाळे रेल्वेत आहे. पगार मोठा नसेल, पण गुडघा मोडला तरी नोकरी जात नाही. २०१४ पासून प्रो कबड्डीने आणि त्याआधी आयपीएलने दुसरी वाट उघडली: लिलाव, मोठा आकडा, ठरावीक हंगामांचा करार. गावच्या मैदानावरची मुलं आता या वाटेने जाताहेत आणि मथळे पुन्हा लिलावाच्या आकड्याचेच होताहेत.

या वाटेवर त्यांच्या बाजूने बोलणारं फारसं कोणी नाही. देशातल्या सर्वांत श्रीमंत खेळातही क्रिकेटपटूंची संघटना २०१९ मध्ये उभी राहिली ती निवृत्तांसाठी. आज मैदानावर असलेल्या भारतीय क्रिकेटपटूंना स्वतःची संघटना नाही. कबड्डी आणि कुस्तीतल्या मुलांबद्दल तर बोलायलाच नको.

म्हणून ज्यांच्या घरात, तालमीत किंवा क्लबमध्ये असा मुलगा वा मुलगी आहे, त्यांना एक विनंती. सही करण्याआधी एकूण रकमेचा आकडा बाजूला ठेवा आणि आधी तीन कलमं वाचा: हमीची रक्कम किती, दुखापत झाल्यास पगार कोण आणि किती दिवस देणार, करार मध्येच संपवण्याचा अधिकार कोणाला. उत्तर समजलं नाही तर वकिलाला दाखवा. आणि क्रीडा पत्रकारांनी लिलावाच्या बातमीत एकूण रकमेच्या शेजारी हमीची रक्कमही छापायला सुरुवात करावी.